"आजीला काही कळत नाही" हे कोण ठरवणार?

ज्यांना हा भाग बसच्या गोंगाटात नीट ऐकू आला नाही, किंवा ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा लेखी भाग. बोलताना माझे जे "म्हणजे" आणि "तर" होतात ते बरेचसे काढलेत. थोडे राहिलेत, चालवून घ्या.

आजचा विषय आहे निर्णयक्षमता. मोठ्या, सज्ञान माणसाला स्वतःच्या पैशांचे, घराचे, औषधपाण्याचे निर्णय घेता येतात की नाही, हे कसं तपासतात? कोण तपासतं? आणि "नाही येत" असं ठरलं तर पुढे काय? विषय कोर्टकचेरीचा वाटतो. पण माझ्याकडे तो आजोळच्या माजघरातून आला. ही गोष्ट सांगू का, असं मी आजीला विचारलं. ती म्हणाली, "सांग की. फक्त माझं वय सांगू नकोस." मामालाही विचारलं. तो म्हणाला, "सांग, पण माझी बाजूपण सांग." तर दोघांची अट पाळून सांगते.

एकच आजी, दोन निकाल

आजोळ सातारा जिल्ह्यात. आजोबा गेले तेव्हा घर आणि थोडी शेती आजी, मामा, आई आणि मावशी अशा चौघांच्या नावावर लागली. मामा तिथेच राहतो, आजीचं सगळं तोच बघतो. दोन वर्षांपूर्वी आजीला डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, सुरू झाल्याचं निदान झालं. सौम्य आहे, असं डॉक्टर म्हणाले.

गेल्या वर्षी मामाने आजीच्या हिश्श्याचं हक्कसोडपत्र स्वतःच्या नावे करून घेतलं. दुय्यम निबंधक कार्यालयात जायच्या आधी एका डॉक्टरांकडून सर्टिफिकेट आणलं. डॉक्टरांनी आजीला तीन प्रश्न विचारले. नाव काय? गाव कोणतं? मुलं किती? आजीने तिन्ही उत्तरं बरोबर दिली. "मानसिकदृष्ट्या सक्षम" असा शिक्का बसला. काम झालं.

यंदा दिवाळीनंतर आजी एक दिवस चहा पिता पिता म्हणाली, "माझ्या पाटल्या मी ताईला देणार आहे." ताई म्हणजे शेजारची. गेली तीन वर्षं ती आजीला अंघोळ घालते, वेणी घालते, गोळ्या देते. मामा एकदम म्हणाला, "आईला आता काही कळत नाही. कुणीही तिच्याकडून काहीही वदवून घेईल."

माझी आई भाकरी थापत होती. मान वर न करता ती म्हणाली, "दादा, गेल्या वर्षी सही करताना कळत होतं ना तिला?"

घरात जी शांतता पसरली ना, ती मी अजून विसरलेले नाही.

आणि ताई? ती दारातूनच म्हणाली, "मला नकोत त्या पाटल्या. उद्या माझ्यावर चोरीचा आळ येईल." तिचं चुकलं नव्हतं. आपल्याकडे म्हाताऱ्या बाईचे दागिने कामवाल्या बाईच्या हातात दिसले, तर पहिला प्रश्न काय विचारतात, ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे.

म्हणजे प्रश्न फक्त चार तोळ्यांचा नव्हता. सोयीचं असेल तेव्हा आजी शहाणी आणि गैरसोयीचं झालं की वेडी, असं कसं चालेल? मग मी वाचायला लागले, वकील मैत्रिणीला विचारलं आणि शेवटी आम्ही आजीला साताऱ्याला एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे घेऊन गेलो. तिथे जे कळलं, ते आज तुम्हाला सांगते.

"कळतं" म्हणजे नक्की काय कळतं?

सगळ्यात आधी एक गैरसमज काढून टाकूया. निर्णयक्षमता म्हणजे माणसाच्या कपाळावरचा शिक्का नव्हे. "या माणसाला कळतं की नाही" असा प्रश्नच अर्धवट आहे. पूर्ण प्रश्न असा: या माणसाला, हा अमुक निर्णय, आत्ता या वेळी घेता येतो का?

भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालणाऱ्या आजीला बिल्डरबरोबरचा पन्नास पानांचा करार कळेलच असं नाही. आणि तो करार कळला नाही म्हणून तिला भाजी घेता येत नाही, असंही नाही. निर्णय जितका गुंतागुंतीचा, जितका परत न फिरवता येणारा, तितकी समज जास्त लागते.

ही आजकालची फॅशनेबल कल्पना नाही बरं का. आपला करार कायदा १८७२ चा आहे. त्याचं कलम १२ सांगतं की करार करताना माणसाला तो करार समजत असेल आणि आपल्या हिताच्या दृष्टीने त्याचा परिणाम काय होईल, हे तो विचार करून ठरवू शकत असेल, तर तो त्या करारापुरता स्थिर मनाचा. करार करताना, म्हणजे त्या वेळी. एरवी मन अस्थिर असलेला माणूसही मन ठिकाणावर असताना करार करू शकतो, असं तिथे स्पष्ट लिहिलंय. उलटही आहे. चांगला शहाणा माणूस तापात बरळत असेल किंवा दारू पिऊन तर्र असेल, तर त्या अवस्थेत त्याला करार करता येत नाही.

तापाचं उदाहरण वाचून मला आमचाच प्रसंग आठवला. दीड वर्षापूर्वी आजी अचानक रात्रभर बडबडायला लागली. आजोबांना हाका मारायची, मला ओळखेना. आम्हाला वाटलं, संपलं सगळं. निघालं काय, तर लघवीचा जंतुसंसर्ग! औषधं सुरू झाली आणि पंधरा दिवसांत आजी पुन्हा अंगणात बसून माझ्या फाटक्या जीन्सवर टोमणे मारायला लागली. डॉक्टर याला डिलिरियम म्हणतात. म्हाताऱ्या माणसांमध्ये संसर्ग, रक्तातलं सोडियम कमी होणं, एखादं नवं औषध, अशा कारणांनी तो होतो आणि कारण दूर केलं की बहुतेक वेळा उतरतो. त्या पंधरा दिवसांत कुणी आजीचा अंगठा घेतला असता तर? किंवा त्या पंधरा दिवसांवरून कुणी तिला कायमचं "अक्षम" ठरवलं असतं तर? दोन्ही अन्यायच.

तीन प्रश्नांचं सर्टिफिकेट का पुरत नाही

आता मृत्युपत्राचं बघूया. आपल्याकडे भारतीय उत्तराधिकार कायदा आहे, १९२५ चा. त्याच्या कलम ५९ मध्ये एक उदाहरण दिलंय, ते वाचून मी खुर्चीतच सरळ बसले. त्याचा मतितार्थ असा: एक माणूस आहे. आजूबाजूला काय चाललंय ते त्याला दिसतं, रोजच्या ओळखीच्या प्रश्नांची तो उत्तरं देतो. पण आपली मालमत्ता काय स्वरूपाची आहे, आपले नातेवाईक कोण, कुणाच्या नावे मृत्युपत्र करणं योग्य ठरेल, याची त्याला पुरेशी समज नाही. असा माणूस वैध मृत्युपत्र करू शकत नाही.

म्हणजे नाव, गाव, मुलं किती, हे तीन प्रश्न पुरेसे नाहीत हे कायद्याने शंभर वर्षांपूर्वीच सांगून ठेवलंय! हक्कसोडपत्र करताना डॉक्टरांनी खरं तर विचारायला हवं होतं: आजी, हा कागद कशाचा आहे? यावर सही केली की तुमच्या हातून काय जाणार? कुणाकडे जाणार? मुलींना काय वाटेल? उद्या मन बदललं तर परत मिळेल का? यातला एकही प्रश्न विचारला गेला नव्हता.

मामाची बाजू सांगायचं कबूल केलंय, ती इथे सांगते. वीस वर्षं आजीचं दुखणंखुपणं त्यानेच काढलंय. रात्री दोनला रिक्षा शोधून तोच दवाखान्यात नेतो, घराचं छप्पर त्यानेच बदललं. आम्ही पुण्यातून फोनवर "काळजी घे हं" म्हणतो. त्याला वाटलं, हिस्सा माझ्याकडे येण्यात गैर काय? गैर नसेलही. आजीनेही कदाचित आनंदाने दिला असता. पण "दिला असता" आणि "समजून दिला" यात फरक आहे. आता तो कागद कायम संशयात राहणार आणि त्याचा त्रास मामालाच जास्त.

तपासणीची सकाळ

मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी फोनवरच सांगितलं, "सकाळी साडेदहाला आणा. संध्याकाळी नको." डिमेन्शियाच्या बऱ्याच रुग्णांचा गोंधळ संध्याकाळनंतर वाढतो. मग म्हणाल्या, "चष्मा आणि कानाचं मशीन आणायचं. मशीनचा सेल नवा घाला." आमच्या लक्षात आलं की सेल दोन महिने बंदच होता. आजी प्रश्नांना भलतीच उत्तरं द्यायची, त्यातली निम्मी न ऐकू आल्यामुळे होती!

दवाखान्यात त्यांनी आम्हाला सगळ्यांना बाहेर काढलं. मामाला, आईला, मला आणि ताईलाही. ज्याचा फायदा किंवा तोटा होणार आहे तो समोर बसला असेल, तर म्हातारं माणूस त्याच्या तोंडाकडे बघून बोलतं.

आत काय झालं, ते नंतर त्यांनी आजीच्या परवानगीने सांगितलं. जगभरात साधारण चार गोष्टी बघतात. पहिली, माहिती समजते का आणि निर्णय होईपर्यंत डोक्यात राहते का. दुसरी, ती माहिती स्वतःला लागू करता येते का, म्हणजे "लोकांचं होतं असं" नाही, तर "माझं असं होईल" हे उमगतं का. तिसरी, पर्यायांची तुलना करून कारण सांगता येतं का. चौथी, निर्णय कळवता येतो का, मग बोलून, लिहून किंवा मानेने खुणावून.

बाईंनी पाटल्यांबद्दल विचारलं. आजीला त्या दिवशी वार सांगता आला नाही. महिनाही चुकला. पण पाटल्या? चार तोळ्यांच्या, सासूने पहिल्या बाळंतपणानंतर घातलेल्या. किंमत? "सोनार म्हणत होता, तीन लाखांच्या वर जातील." दिल्यावर परत मिळतील का? "दिलेलं परत मागायचं असतं होय?" मुलं काय म्हणतील? "पोरगा रागावेल. मुली काही बोलायच्या नाहीत, पण मनात ठेवतील." मग तरी का द्यायच्या? आजी म्हणाली, "पोरांना घर मिळालं, शेत मिळालं. हिने माझं सगळं केलं, हिला काय मिळालं?"

अर्ध्या तासाने बाईंनी इकडतिकडच्या गप्पा मारून तेच प्रश्न वेगळ्या शब्दांत पुन्हा विचारले. उत्तरं तीच आली.

मग त्यांनी घर आणि शेतीबद्दल विचारलं. तिथे मात्र आजी अडखळली. हिस्सा अजून आपल्याच नावावर आहे, असं तिला वाटत होतं. हक्कसोड म्हणजे काय ते बाईंनी सोप्या शब्दांत दोनदा समजावलं. दहा मिनिटांनी ते पुसलं गेलं होतं.

अहवालात त्यांनी लिहिलं की पाटल्या देण्याचा निर्णय आजी आज समजून घेऊ शकते. जमिनीच्या व्यवहाराचा निर्णय आज घेऊ शकत नाही. मामाने विचारलं, "आणि गेल्या वर्षी?" बाई म्हणाल्या, "मी आज तपासलंय. गेल्या वर्षीच्या आजी मी पाहिलेल्या नाहीत." वाद कोर्टात गेला, तर अखेरचा शब्द न्यायाधीशाचा असतो. डॉक्टरांचा अहवाल हा पुरावा असतो, निकाल नव्हे.

कोणत्या गोष्टींवरून ठरवायचं नाही

वयावरून नाही. ऐंशी ओलांडलेली माणसं उत्तम व्यवहार करतात.

निदानावरून नाही. डिमेन्शिया, स्किझोफ्रेनिया, डाउन सिंड्रोम ही आजारांची किंवा स्थितींची नावं आहेत, निकाल नव्हेत. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा सांगतो की मानसिक आजार आहे एवढ्यावरून माणूस "अस्थिर मनाचा" ठरत नाही. ते ठरवायला सक्षम न्यायालय लागतं.

गुणांवरून नाही. स्मरणशक्ती तपासायला एक तीस गुणांची चाचणी बऱ्याच ठिकाणी वापरतात. मूळची १९७५ ची, अमेरिकेतली. तारीख काय, शंभरातून सात सात वजा करा, एक वाक्य लिहा, असं त्यात असतं. चाचणी म्हणून उपयोगी, पण शाळेत न गेलेल्या बाईला वाक्य लिहायला सांगून तिची बुद्धी मोजणार का? म्हणूनच पुढे निरक्षर ज्येष्ठांसाठी तिचं हिंदीतलं वेगळं रूप तयार केलं गेलं. आणि पूर्ण तीस गुण मिळाले तरी "पाटल्या द्यायच्या की नाही" हे त्यातून कळत नाही. आजीला वार आठवला नाही. पाटल्यांसाठी वार कशाला हवा?

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं: निर्णय आपल्याला पटला नाही, यावरून तर अजिबात नाही. याच २०१७ च्या कायद्याच्या कलम ४ मध्ये, उपचारांच्या निर्णयांबाबत, लिहिलंय की इतरांना निर्णय अयोग्य किंवा चुकीचा वाटतो एवढ्यानेच त्या माणसाला क्षमता नाही असं होत नाही. शहाण्या माणसाला मूर्ख निर्णय घ्यायचा हक्क असतो. तुम्ही ईएमआयवर लाखाचा फोन घेता तेव्हा तुमची तपासणी कुणी करतं का?

याबाबत इंग्लंडमधला १८७० चा एक खटला प्रसिद्ध आहे, बँक्स विरुद्ध गुडफेलो. जॉन बँक्स नावाच्या माणसाला भास व्हायचे. केव्हाच मेलेला एक माणूस आपला पिच्छा पुरवतो, भुतंखेतं छळतात, असं त्याला वाटायचं. त्याने आपली मालमत्ता भाचीला दिली. कोर्टाने मृत्युपत्र ग्राह्य धरलं. का? कारण भासांचा आणि भाचीला घर देण्याचा काही संबंध नव्हता. आपण मृत्युपत्र करतोय, आपल्याकडे काय आहे, कुणाचा हक्क पोचतो, हे त्याला कळत होतं. भूत दिसणाऱ्यालाही भाची दिसत होती!

आणि हे फक्त पैशांपुरतं नाही. २००९ मध्ये चंदीगडच्या एका खटल्यात सौम्य बौद्धिक अक्षमता असलेली, सरकारी संस्थेत राहणारी एक गर्भवती तरुणी होती. उच्च न्यायालयाने गर्भपाताचा आदेश दिला होता. तिला मूल हवं होतं. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तिच्या संमतीशिवाय गर्भपात करता येणार नाही. शरीर तिचं, निर्णयही तिचा.

आधी मदत, मग परीक्षा

आता माझी चूक. तपासणीच्या वेळी बाईंनी सहज विचारलं, "आजींच्या खात्यात किती पैसे आहेत, हे त्यांना शेवटचं कधी सांगितलं?"

मी गप्प. आजोबा शिक्षक होते, आजीला कुटुंब निवृत्तिवेतन येतं. दोन वर्षांपूर्वी मी "सोयीसाठी" तिचं सिम माझ्या जुन्या फोनमध्ये घातलं. ओटीपी मला येतो, वीजबिल मी भरते, औषधं मी मागवते. एक रुपयाही मी स्वतःसाठी वापरलेला नाही. पण आजी विचारायची, "माझी पेन्शन आली का गं?" आणि मी म्हणायचे, "आली, तू कशाला काळजी करतेस!" दोन वर्षं मी तिला आकडाच सांगितला नव्हता. आणि मग आम्हीच म्हणत होतो, तिला पैशांचं काही कळत नाही! अभ्यासक्रम लपवून परीक्षा घेण्यासारखंच झालं की हे.

२०१७ च्या कायद्यात हेही आहे की माहिती त्या माणसाला समजेल अशा सोप्या भाषेत, खुणांच्या भाषेत किंवा चित्रांच्या मदतीने द्यायला हवी. म्हणजे आधी मदत करायची. ती करूनही जमलं नाही, तरच "क्षमता नाही" म्हणायचं. आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एक फार चांगली तरतूद आहे: मदत करणाऱ्याचा आणि दिव्यांग व्यक्तीचा एखाद्या व्यवहारात हितसंबंधांचा संघर्ष असेल, तर त्या व्यवहारापुरतं मदत करणाऱ्याने बाजूला व्हायचं. साध्या मराठीत, ज्याच्या नावे कागद होणार आहे त्याने कागद समजावून सांगायला बसू नये.

आता दर महिन्याच्या पाच तारखेला मी आजीला व्हिडिओ कॉल करते. मोठ्या अक्षरात लिहिलेली वही समोर धरते. आले किती, गेले किती, उरले किती. गेल्या महिन्यात तिने मला पकडलं, "केबलचं दोनदा कसं गेलं?" खरंच दोनदा गेलं होतं.

आणि खरंच कळेनासं झालं तर?

हाही दिवस येतो. नाकारून चालणार नाही. आपल्या देशात साठीपुढच्या साधारण ८८ लाख लोकांना डिमेन्शिया असावा, असा एका मोठ्या राष्ट्रीय सर्वेक्षणाचा अंदाज आहे. म्हणजे तुमच्या ओळखीत कुणी ना कुणी असणारच.

इथे सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे, "मुखत्यारपत्र करून ठेवलंय, आता चिंता नाही." थांबा. करार कायद्याच्या कलम २०१ नुसार मुखत्यारपत्र देणाऱ्याचं मन अस्थिर झालं की मुखत्याराचे अधिकार संपतात. म्हणजे नेमकी गरज पडते तेव्हाच ती छत्री मिटते. इंग्लंडमध्ये क्षमता गेल्यावरही टिकणारं मुखत्यारपत्र असतं, त्यामुळे तिकडच्या नातेवाइकांचे सल्ले इथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

मग कोण बघणार? १९८७ च्या जुन्या मानसिक आरोग्य कायद्यात मालमत्तेसाठी व्यवस्थापक नेमायची सोय होती. २०१७ च्या कायद्यात उपचारांचं बरंच काही आहे, पण मालमत्तेची ती सोय राहिली नाही. दिव्यांग हक्क कायद्यात "मर्यादित पालकत्व" आहे. ठरावीक निर्णयापुरतं, ठरावीक काळापुरतं आणि त्या माणसाच्या इच्छेनुसार, दोघांनी मिळून निर्णय घ्यायचा. राष्ट्रीय न्यास कायद्याखालचं पालकत्व ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यासाठी आहे, डिमेन्शियाचं नाव त्यात नाही. त्यामुळे अनेक कुटुंबांना उच्च न्यायालयाचं दार ठोठवावं लागतं. २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कोमात असलेल्या नवऱ्याची पालक म्हणून त्याच्या पत्नीला नेमलं होतं. वाट आहे, पण लांबची आणि खर्चाची.

मग आज काय करायचं?

घरातल्या मोठ्यांना सगळं नीट कळतंय, तेव्हाच या गोष्टी करा.

बँक खातं दोघांपैकी कुणालाही चालवता येईल असं संयुक्त करायचं का, ते त्यांच्याशी बोलून ठरवा. सही करताना हात थरथरतो म्हणजे डोकं चालत नाही असं नाही. आजारी, वृद्ध खातेदाराचा अंगठा दोन साक्षीदारांसमोर, त्यातला एक बँकेचा अधिकारी, घेऊन पैसे देण्याची सोय रिझर्व्ह बँकेच्या नियमांत आहे. ती मागा.

मृत्युपत्र लवकर करायला सांगा. शंका यायची शक्यता असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडून त्या निर्णयापुरती तपासणी करून घ्या आणि प्रश्न आणि उत्तरं जशीच्या तशी लिहून घ्या. नुसतं "सक्षम" नको.

घर बक्षीसपत्राने मुलांना देत असतील, तर "आमचा सांभाळ करायचा" ही अट त्यात लिहायला सांगा. ती असेल आणि मुलांनी सांभाळलं नाही, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानुसार न्यायाधिकरणाकडे जाऊन ते बक्षीसपत्र रद्द करून घेता येतं.

आणि स्वतःसाठीही करा. २०१७ च्या कायद्यानुसार कुठल्याही सज्ञान माणसाला आधीच लिहून ठेवता येतं की मला मानसिक आजार झाला तर कोणते उपचार हवेत, कोणते नकोत आणि माझ्या वतीने कुणी बोलावं. यासाठी म्हातारं व्हावं लागत नाही. अठरा वर्षं पूर्ण असली की झालं.

पाटल्यांचं काय झालं?

जंगम वस्तू हातात देऊन बक्षीस देता येते, नोंदणी लागत नाही. तरी ताईसाठी आम्ही एक साधा कागद केला. आजीने दिल्या, समजून दिल्या, खाली दोन साक्षीदारांच्या सह्या आणि सोबत डॉक्टरांचा अहवाल. साक्षीदार म्हणून एक सही गावातल्या निवृत्त तलाठ्यांची. दुसऱ्या सहीसाठी मामाने स्वतःहून पेन घेतलं. का घेतलं, ते मी विचारलं नाही.

हक्कसोडपत्राचा प्रश्न सुटलेला नाही. आई आणि मामा बोलतात, पण त्या विषयावर नाही. कदाचित वकिलाकडे जाऊ, कदाचित घरातच मिटेल.

ताईने पाटल्या हातात घातल्या नाहीत, कपाटात ठेवल्यात. आजीला ते आवडलेलं नाही. रोज सकाळी वेणी घालून घेताना ती विचारते, "घातल्यास का गं?" काल विचारलं, आजही विचारलं. तुम्ही म्हणाल, आजी विसरते. मला वाटतं, तिच्या बरोबर लक्षात आहे.

तुमच्या घरात असं काही घडलं असेल तर व्हॉइस नोट पाठवा. पण त्याआधी घरात जे कुणी आजी-आजोबा असतील, त्यांना आज एकच प्रश्न विचारा: "तुम्हाला काय वाटतं?" आणि उत्तर येईपर्यंत थांबा. थोडा वेळ लागेल.

भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि दुसऱ्याची घेताना त्याला विचारून घ्या.